एक्स-मेन वाचायला कुठून सुरुवात करावी? (आई आणि लेक, दोघीही नवख्या)

खाडीकाठ | शनिवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात. लेक आठवीत आहे, नुकतीच तेरा पूर्ण झाली. मे महिन्याच्या सुट्टीत तिने 'एक्स-मेन ९७' ही ॲनिमेशन मालिका पाहिली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. त्यातल्या स्टॉर्म या नायिकेची शक्ती जाते तो भाग तिने तीनदा पाहिला. शेजारी बसून बघता बघता मलाही ओढ लागली. आता तिला मूळ कॉमिक्स वाचायचे आहेत आणि मला तिच्यासोबत वाचायचे आहेत. माझं स्वतःचं या बाबतीतलं वाचन 'चांदोबा', 'किशोर' आणि थोडा वेताळ, एवढंच.

गेल्या रविवारी वाशीला एका पुस्तकांच्या दुकानात गेलो. फळीवर एक्स-मेनची दहा-बारा पुस्तकं, प्रत्येकाचं नाव वेगळं. कुठलं घेऊ विचारलं तर तिथल्या मुलाने एक काढून दिलं, म्हणाला हे पहिलं. पाठीवर ठळक '१' होता म्हणून आम्हीही विश्वास ठेवला. लेकीने वाशी स्टेशनवरच ते उघडलं. घणसोली येईपर्यंत मिटून मांडीवर ठेवलं होतं. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "आई, यातल्या सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत आहे. मलाच काही माहीत नाही."

तिचा चेहरा इतका उतरला होता की मला वाईट वाटलं. हौसेने आलेल्या मुलीला दारातूनच परत पाठवल्यासारखं झालं. तर जाणकारांनी कृपया सांगा: साठ वर्षांहून जुनी ही मालिका, हजारो अंक, कुठून धरायची? सगळं वाचणं आम्हाला शक्य नाही. पण जे वाचू ते समजून वाचायचं आहे.

कोपरीकर | शनिवार, रात्री १०.३५

ताई, त्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर किंवा आत पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'कलेक्टिंग' असं लिहून पुढे अंकांचे क्रमांक आणि साल असेल. ते इथे टाका.

खाडीकाठ | शनिवार, रात्री १०.४८

'एक्स-मेन (२०२१)' आणि पुढे १ पासूनचे अंक.

कोपरीकर | शनिवार, रात्री ११.२०

वाटलंच होतं. तुमची काही चूक नाही, आणि लेकीची तर अजिबातच नाही. या '१' ने फार लोकांना चकवलंय.

नुसत्या 'एक्स-मेन' या नावाने पहिला अंक आजवर सात वेळा निघालाय: १९६३, १९९१, २०१०, २०१३, २०१९, २०२१ आणि २०२४. 'अनकॅनी एक्स-मेन', 'ॲस्टॉनिशिंग एक्स-मेन' वगैरे नावांनी निघालेले पहिले अंक वेगळेच. कारण साधं आहे. अंकावर '१' असला की तो जास्त खपतो. १९९१ चा क्रमांक १ तर ८० लाखांहून जास्त प्रती छापून विकला गेला, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. त्यामुळे लेखक बदलला, चित्रकार बदलला, की नवा '१'. गोष्ट मात्र मागून तशीच पुढे चाललेली असते. तुम्ही घेतलेल्या पुस्तकात म्यूटंटांचं (जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या माणसांचं, एक्स-मेन त्यांतलेच) एक स्वतंत्र राष्ट्र आहे, त्यांनी मतदान करून आपला संघ निवडलाय, आणि हे राष्ट्र कसं झालं ते २०१९ च्या पुस्तकांत येऊन गेलंय. लेकीला काही कळलं नाही हे साहजिक आहे.

आपण ठाण्याच्या फलाटावर उभे असतो तेव्हा कर्जतहून भरून आलेली गाडी वेगळी आणि ठाण्याहून सुटणारी वेगळी, हे आपल्याला पाटीवरून कळतं. कॉमिक्समध्ये दोन्ही गाड्यांवर '१' च लिहिलेला असतो. म्हणून क्रमांक बघू नका. कोणाचं लेखन कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. याला 'रन' म्हणतात. एका लेखकाने सलग काही वर्षं चालवलेला पट्टा. वाचायचं माप अंक नाही, मालिकाही नाही, रन.

कुठली रन ते मी सांगणार नाही, माझी आवड फार ठरलेली आहे. जुनी_पानं यांनी लिहावं अशी विनंती.

गडकरी_कट्टा | रविवार, सकाळी ७.५५

माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. सप्टेंबर १९६३ चा अंक १. स्टॅन ली आणि जॅक कर्बी. तिथूनच सुरू करावं. पाच विद्यार्थी, एक शाळा, एक प्रोफेसर, आणि पहिल्याच अंकात त्यांचा शत्रू मॅग्नेटो. ज्याला मूळ माहीत नाही त्याला पुढच्या गोष्टीचं वजन कळत नाही. मी तसंच वाचलं. दोन वर्षं लागली, पण सायक्लॉप्स नावाचा एक बुजरा पोरगा संघाचा नेता कसा झाला हे मी पायरी पायरीने पाहिलंय. ते सुख मधूनच शिरणाऱ्याला मिळत नाही.

कोपरीकर | रविवार, सकाळी ९.१०

गडकरी_कट्टा, तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे. पण ज्या मालिकेवर आज लोक जीव टाकतात ती त्या पाच विद्यार्थ्यांची नाही. १९७० मध्ये ६६ व्या अंकाला नवीन गोष्टी थांबल्या. ६७ ते ९३ नुसते जुन्या अंकांचे पुनर्मुद्रण. पाच वर्षं मालिका जवळजवळ गेल्यातच जमा होती. १९७५ मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी 'जायंट-साइझ एक्स-मेन' चा एक जाडजूड अंक काढला, त्यात स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस आले, वुल्व्हरीन संघात आला. ताईंच्या लेकीला जी स्टॉर्म आवडते ती १९६३ च्या पुस्तकांत नाहीच. तिला स्टॉर्म भेटेपर्यंत बारा वर्षांचे अंक वाचायला लावणार का?

गडकरी_कट्टा | रविवार, सकाळी ९.२५

स्टॉर्मचा मुद्दा मान्य. मग निदान १९७५ पासून. त्याच्या पुढे सूट नाही.

जुनी_पानं | रविवार, दुपारी २.४०

कोपरीकरांनी नाव घेतलं म्हणून सविस्तर लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही वेताळ वाचलाय म्हणालात. तिथूनच सुरू करतो. माझं लहानपण नौपाड्यात गेलं. गल्लीत एक गृहस्थ घरातल्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवायचे, तिथे दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स टांगलेले असत. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, म्हणजे माझं अख्खं वाचायचं वय त्यात आलं. ली फॉकने वेताळ काढला १९३६ मध्ये, म्हणजे आम्ही वाचायला लागलो तेव्हा ती मालिका आधीच जुनी होती. पण आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही की वेताळ कुठल्या अंकापासून वाचायचा. दोरीवरचा जो अंक रिकामा असेल तो घ्यायचा. गोष्टीतला वेताळ एकविसावा, त्याच्या आधी वीस होऊन गेलेले, त्यांतला सतरावा कोण हे आम्हाला माहीत नव्हतं आणि त्याने काही अडलंही नाही. कारण दर दोन-चार अंकांनी ती शपथेची हकीकत पुन्हा यायची: समुद्री चाचे, बुडालेलं जहाज, किनाऱ्याला लागलेला एकटा माणूस, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. चांदोबातही विक्रम दर महिन्याला पुन्हा त्या झाडाकडे जायचाच ना? लेखकाला पक्कं ठाऊक असायचं की आज हा अंक कोणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच उघडणार आहे.

एक्स-मेनचं अगदी तसंच होतं. हे कॉमिक्स तिकडे नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे विकले जायचे, मागचा अंक मिळेलच याची खात्री नाही. म्हणून १९७५ पासून १९९१ पर्यंत सलग सोळा वर्षं ही मालिका लिहिणारा ख्रिस क्लेअरमॉन्ट प्रत्येक अंकात प्रत्येकाची ओळख नव्याने करून देतो. कोलोसस लढायला उतरला की मनातल्या मनात सांगणार, माझं शरीर आता पोलादाचं होतंय. आज सलग वाचताना कोणाला ते पाल्हाळ वाटतं. मला ते अगत्य वाटतं. दारात आलेल्याला आधी पाणी विचारावं तसं.

माझा पहिला एक्स-मेन किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळाला. कॉलेजात होतो. कव्हर अर्धं फाटलेलं, आतल्या एका पानावर कोणीतरी निळ्या शाईने बेरजा केलेल्या. 'अनकॅनी एक्स-मेन' १५३, जानेवारी १९८२ चा. त्यात किटी प्राइड नावाची एक मुलगी कोलोससच्या लहान बहिणीला झोपवण्यासाठी गोष्ट सांगते. गोष्टीत सगळे एक्स-मेन वेष बदलून येतात: किटी स्वतः समुद्री लुटारू, एक मोठा काळा ड्रॅगन, आणि नाइटक्रॉलरच्या जागी निळी निळी टीचभर पिल्लं. मला त्यातलं एकही माणूस माहीत नव्हतं. तरी अंक संपेपर्यंत कळलं की हे लोक एका घरात राहतात, एकमेकांना सांभाळून घेतात, आणि कोणीतरी एक जीन नावाची होती जी आता नाही. गोष्टीत किटी तिला जिवंत ठेवते. दाराआडून बाकीचे ऐकत असतात. त्यांचे चेहरे बघून मला पोटात कालवलं, आणि कारण माहीत नव्हतं. मग मी कारण शोधायला मागे गेलो. सगळे एक्स-मेन वाचणारे असेच मागे-पुढे जात वाचतात.

आता तुमच्या लेकीचं वाक्य. "सगळ्यांना सगळं माहीत आहे, मलाच काही माहीत नाही." मी ते दोनदा वाचलं. कारण याच मालिकेत अगदी हेच वाटणारी एक मुलगी आहे, आणि ती तुमच्या लेकीच्याच वयाची आहे. तीच किटी. 'एक्स-मेन' १२९ (हीच मालिका पुढे 'अनकॅनी एक्स-मेन' झाली), जानेवारी १९८०. साडेतेरा वर्षांची, शिकागोजवळ राहणारी. तिचं डोकं दुखतंय, ती पलंगावर पडते, आणि डोळे उघडते तर खालच्या दिवाणखान्यात जमिनीवर. वरच्या मजल्यावरून आरपार खाली आलीय. आपल्याला काय होतंय ते तिला माहीत नाही, हे लोक कोण ते माहीत नाही. लेखकाने तुमच्याशेजारी बसायला एक सोबतीण दिलीय. ती जे विचारते ते तुम्हालाही विचारायचं असतं.

म्हणून माझं उत्तर: १२९ पासून १४३ पर्यंत. क्लेअरमॉन्ट आणि चित्रकार जॉन बर्न. पंधरा अंक. यात 'डार्क फिनिक्स' ची, म्हणजे त्या जीनची, पूर्ण कथा आहे, १४१-१४२ मध्ये 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' आहे, आणि १४३ मध्ये नाताळच्या आदल्या रात्री किटी त्या मोठ्या घरात एकटी असते आणि एक राक्षस आत शिरतो. ज्या मुलीला चौदा अंकांपूर्वी काहीच माहीत नव्हतं, तिला आता त्या घराची खोली न खोली माहीत आहे, आणि त्याच्याच जोरावर ती लढते.

आणि गडकरी_कट्टा, तुमच्यासाठीही यात जागा आहे. १३८ वा अंक. जीनच्या अंत्यविधीला सायक्लॉप्स उभा आहे आणि त्याला सगळं आठवतं, शाळेच्या पहिल्या दिवसापासून. १९६३ पासूनचा पूर्ण इतिहास एका अंकात, नेमका जिथे तो हवा तिथे. त्या अंकाच्या शेवटी तो बॅग उचलून निघतो, आणि त्याच वेळी दारात किटी येऊन उभी राहते.

(जीन जाते हे सांगून टाकलं म्हणून कोणी रागावू नका. ते पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे, आणि माहीत असूनही १३७ वाचताना हात थांबतो.)

तळ्यावरची | रविवार, दुपारी ३.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). किटीचा मुद्दा कधी असा बघितलाच नव्हता.

घोडबंदर_रोड | रविवार, दुपारी ४.३०

काका, प्रतिसाद मनापासून आवडला. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मी एकवीस वर्षांचा आहे, आणि १९८० चे अंक मला पहिल्या वेळी झेपले नाहीत. एका चौकटीत तीन-तीन फुगे, वर निवेदनाचे चौकोन, सगळी अक्षरं कॅपिटल. शिवाय प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं: नाइटक्रॉलर मध्येच जर्मन बोलतो, कोलोसस रशियन. एक अंक वाचायला मला पाऊण तास लागायचा. आजच्या तेरा वर्षांच्या मुलीने पहिल्याच अंकात हात टेकले तर?

माझा पर्याय: 'ॲस्टॉनिशिंग एक्स-मेन', २००४. जॉस व्हीडनचं लेखन, जॉन कॅसाडेची चित्रं. २४ अंक आणि शेवटचा एक मोठा अंक, की संपलं. मोठ्या मोठ्या चौकटी, चेहरे बोलतात, शब्द कमी. आणि मजा बघा, तीसुद्धा किटीपासूनच सुरू होते. ती मोठी होऊन त्याच शाळेत परत येतेय, शिकवायला. तेच दार, तीच मुलगी.

'हाऊस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' (२०१९, जोनाथन हिकमन) ही बारा अंकांची जोडी मला सगळ्यात जास्त आवडते. नवं राष्ट्र ज्या बेटावर उभं राहतं ते क्राकोआ, १९७५ च्या त्या जाडजूड अंकातलं जिवंत बेट. पण ही पहिली देऊ नका. त्यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या कशाला तरी उत्तर आहे. माहीत नसताना वाचली तर हुशारीची वाटते, माहीत असताना वाचली तर अंगावर येते.

जुनी_पानं | रविवार, संध्याकाळी ६.१५

घोडबंदर_रोड, तुझं बरोबर आहे, अक्षरांचा त्रास खरा आहे. ताई, त्यावर एकच उपाय मला माहीत आहे. मोठ्याने वाचा, दोघींनी पात्रं वाटून घेऊन. माझी मुलगी लहान असताना मी नाइटक्रॉलर व्हायचो आणि ती बाकीचे सगळे. पाऊण तास लागला तर लागू दे. तो अंक एक महिनाभर पुरावा असा लिहिलेला आहे, दहा मिनिटांत संपवायला नाही. तरी नाहीच जमलं तर ॲस्टॉनिशिंग उत्तम. तुझ्या निवडीशी माझं भांडण नाही.

फळा_खडू | रविवार, रात्री ८.५०

मी ठाण्यात माध्यमिक शाळेत शिकवते. या धाग्यावर कोणीतरी 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' सुचवणारच, म्हणून आधीच लिहिते. १९८२ चं स्वतंत्र पुस्तक आहे, क्लेअरमॉन्ट आणि ब्रेंट अँडरसन यांचं. मागचं-पुढचं काही माहीत नसलं तरी कळतं, आणि माझ्या मते एक्स-मेन हे नक्की कशाबद्दल आहे हे याहून नेमकं कुठेच सांगितलेलं नाही. एक धर्मोपदेशक सभा भरवतो, लोकांना पटवतो की ही मुलं माणसंच नाहीत. हे वाचून माझ्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर थांबून माझ्याशी बराच वेळ बोलली. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पण सुरुवातीच्याच पानांवर दोन लहान भावंडांना मारून शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याला टांगलेलं आहे. सकाळी शाळेतल्या मुलांनी बघावं म्हणून. मॅग्नेटो येऊन त्यांना खाली उतरवतो. ताई, हे पुस्तक आधी तुम्ही एकट्याने वाचा. मग ठरवा आत्ता की दोन वर्षांनी. तेराव्या वर्षी काही मुली तयार असतात, काही नसतात, आणि ते आईलाच कळतं.

ग्रँट मॉरिसनच्या 'न्यू एक्स-मेन' (२००१) बद्दलही हेच. जेनोशा या म्यूटंटांच्या देशाचा संहार लेकीने मालिकेत पाहिलाय, त्याचं मूळ तिथे ११५ व्या अंकात आहे. ते अजून थांबू द्या.

नेरूळ_पूर्व | रविवार, रात्री ९.४०

लेकीने जे पाहिलंय त्याच्या मूळ अंकांपासून उलटं जाण्याचीही एक वाट आहे. स्टॉर्मची शक्ती १८५ मध्ये जाते, त्यानंतरची गोष्ट 'अनकॅनी' १८६ मध्ये आहे, १९८४ ची, चित्रं बॅरी विंडसर-स्मिथची. तो अंक जवळजवळ एकटा उभा राहतो. मॅग्नेटो शाळेचा प्रमुख होतो ते २०० व्या अंकात. स्टॉर्म तीनदा बघणाऱ्या मुलीला १८६ दाखवाच.

आता खरेदीचं, थोडक्यात.

ट्रेड पेपरबॅक म्हणजे पाच-सहा अंकांचं पुस्तक, सुरुवातीला हेच. ओम्निबस म्हणजे हजार पानांच्या आसपासचा ठोकळा, झोपून वाचता येत नाही, मनगट दुखतं, पहिल्या खरेदीला नको. 'एपिक कलेक्शन' (जुन्या अंकांच्या जाड पेपरबॅक खंडांची मालिका) चांगली, रंगीत. पण तिच्या पाठीवरचे क्रमांक कथेच्या क्रमाचे असतात आणि छापण्याचा क्रम वेगळा, त्यामुळे मधलेच खंड बाजारात नसतात. तुम्ही 'डार्क फिनिक्स सागा' या नावाचं पुस्तक घेणार असाल तर 'कलेक्टिंग' च्या ओळीत शेवटचा आकडा १३७ आहे की १३८ ते बघून घ्या. दोन्ही प्रकारच्या आवृत्त्या आहेत, आणि जुनी_पानं यांनी सांगितलेला अंक १३८ आहे.

मार्व्हल अनलिमिटेड हे ॲप वर्गणीवर चालतं. वर्गणी भरली की जुने जवळजवळ सगळे अंक उघडतात, नवे साधारण तीन महिन्यांनी येतात. फोनवर अक्षरं बारीक दिसतात, टॅबलेट असेल तरच घ्या.

आणि ते २०२१ चं पुस्तक विकू नका. ठेवून द्या.

खाडीकाठ | रविवार, रात्री १०.३०

एवढ्या आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. लेकीला धागा वाचायला दिला. जुनी_पानं यांचा प्रतिसाद तिने वाचला आणि उठून आत गेली, मग परत येऊन विचारलं, "साडेतेरा? नक्की?" उद्या १३८ असलेली प्रत शोधते. वाचून कळवते.

खाडीकाठ | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.१५

कळवते म्हणाले होते म्हणून लिहितेय.

पुस्तक यायला दोन आठवडे गेले. पहिल्यांदा एका विक्रेत्याने १३७ वालं पाठवलं, ते परत केलं. दुसरं आलं ते बरोबर.

रोज रात्री जेवणानंतर अर्धा अंक, असं ठरवलं. मोठ्याने, पात्रं वाटून. लेक किटी आणि स्टॉर्म, मी वुल्व्हरीन, प्रोफेसर आणि उरलेले. घोडबंदर_रोड म्हणतात तसा पहिला अंक खरंच जड गेला. कॅपिटल अक्षरांनी माझे डोळे दुखले, आणि सायक्लॉप्स-जीनचं आधी काय झालंय ते सुरुवातीच्या पानांवर काहीच कळेना. लेक म्हणाली, थांब, किटी येऊ दे. मग किटी आली. डोकं दुखतंय म्हणून पडली आणि खालच्या खोलीत उठून बसली, ते पान लेकीने पुन्हा मागे जाऊन पाहिलं. पलंगाच्या चौकटीवर बोट ठेवून मग खालच्या चौकटीवर. पुढे स्टॉर्म आणि किटी एका दुकानात बसून बोलतात तिथे तिने माझ्याकडून पुस्तक घेतलं आणि दोन्ही आवाज स्वतःच काढले. त्या रात्री आमचा अर्धा अंक पूर्ण झाला, दुसरा अर्धाही झाला.

एक गोष्ट जुनी_पानं यांना सांगायची आहे. चौकटीच्या खाली चांदणी काढून 'अमुक अंक पाहा' अशी संपादकाची टीप येते ना, सुरुवातीला लेक त्यावर अडायची. तो अंक आपल्याकडे नाही, मग आता काय. आता तिने वहीच्या मागच्या पानावर त्या सगळ्या टिपा उतरवून ठेवल्यात. नंतर वाचायची यादी. मी पाहिलं तेव्हा सोळा क्रमांक होते.

१३७ काल झाला. दोघी बराच वेळ काही बोललो नाही. आज दुपारी १३८. सायक्लॉप्सला आठवतंय ते सगळं तिने सलग वाचलं, मी मध्ये बोलले तर हाताने थांबवलं. शेवटच्या पानावर आली आणि म्हणाली, "हा चाललाय आणि किटी आत येतेय. कोणी तिला सांगितलंच नाही का आज घरात काय झालंय ते?"

मला उत्तर देता आलं नाही. तिलाही बहुतेक नको होतं.

आता प्रश्न. पुढे १४१-१४२ साठी ती अधीर आहे, 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' चा सिनेमा तिने पाहिलाय. १३९-१४० वगळले तर चालतील का? ॲप घेतलंय, वुल्व्हरीन कॅनडात जातो एवढं दिसतंय.

कोपरीकर | शनिवार, रात्री ९.३०

अजिबात वगळू नका. वुल्व्हरीन आणि नाइटक्रॉलर कॅनडात वेंडिगो नावाच्या राक्षसाशी लढतात ते एक झालं, पण १३९ मध्ये किटीचा त्या घरातला पहिला दिवस आहे. तिला संघातलं नाव मिळतं, स्टॉर्म तिला नाचाच्या क्लासला घेऊन जाते. आणि १४१ मध्ये सिनेमासारखं वुल्व्हरीन मागच्या काळात जात नाही, एवढंच सांगतो. कोण जातं ते लेकीलाच वाचू दे.

गडकरी_कट्टा | शनिवार, रात्री ९.५२

ताई, त्या वहीतले सोळा क्रमांक इथे टाकाल का? बरेचसे शंभरच्या आतले असणार. ते अंक ज्या पुस्तकांत आहेत ती माझ्याकडे आहेत. ठाण्याला रोज येता म्हणालात, तर तलावपाळीला आणून देतो. वाचून झाले की परत करा, घाई नाही.

खाडीकाठ | शनिवार, रात्री १०.०५

लेक वही घेऊन शेजारी बसली आहे, तीच सांगतेय: ९४, ९८, १००, १०१, १०७, १०८, १११...